सुईनंतरचे रविवार

भाद्रपदातला रविवार, सन २००१. दुपारची जेवणं उरकलेली.

हजर: मी, माजघरात चटईवर, डावा दंड उघडा टाकून. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी. दावणीला दोन शेळ्या. त्यांचं करडू दावणीला नसून माझ्या पायाशी. गैरहजर: नवरा, सोयाबीनवर फवारा मारायला शेतात.

आधी हजेरी, मग बाकीचं, ही शाळेतली सवय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि घरातही सगळं मांडून ठेवायची: किराणा, शेळ्यांना जंताचं औषध कधी पाजायचं, कुणाच्या लग्नाला घरातलं कोण जाणार. त्या दुपारीही डोक्यात कामांची रांग उभी होती. वह्या तपासायच्या, तूर निवडायची, दारामागची खुंटी पक्की करायची. पण गोळी घेतलेली होती. गोळी घेतली की रांगेतलं एकेक काम आधी खाली बसायचं, मग आडवं व्हायचं आणि मग न सांगता कुठेतरी निघून जायचं. खिडकीतून येणारं ऊन त्या वेळी पातळ ताकासारखं वाटायचं. शेळीच्या गळ्यातली घंटी वाजायची आणि तिचा आवाज बऱ्याच उशिराने माझ्यापर्यंत पोचायचा.

गोळी खाजेवरची होती. खाज सुईची होती. आणि सुई होती माझ्या श्वासासाठी.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून जीपने थोडं आत. सोयाबीन, तूर, थोडा कापूस आणि जवळजवळ प्रत्येक दारात शेळी. दसरा जवळ आला की शिवारात मळणी यंत्रं सुरू होतात आणि सगळं गाव पिवळसर भुश्शात बुडून जातं. त्याच सुमारास बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानामागे गाजर गवत पांढरं फुललेलं असतं. लांबून पाहिलं तर कुणी तांदूळ सांडून ठेवलेत असं वाटावं. इतरांना त्याचं काही नाही. मला मात्र आधी शिंका, मग डोळे, मग छाती. दसरा ते दिवाळी मी भिंतीला पाठ लावून, बसूनच झोपायची. फळ्यावर एक ओळ लिहिली की दम खायला टेबलाला धरून उभी राहायची, आणि पोरांना वाटायचं, बाई विचार करतायत.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी माझ्या हातावर औषधांचे थेंब ओळीने टाकले, प्रत्येक थेंबातून सुईचं टोक टोचलं आणि कुठला थेंब फुगतो ते पाहिलं. गाजर गवताचा फुगला, घरातल्या धुळीचा फुगला. मग उपाय सांगितला. ज्याचा त्रास होतो तेच, अगदी नावापुरतं, दर शनिवारी दंडात टोचायचं आणि हळूहळू वाढवत न्यायचं. शरीराला त्याची ओळख पटली की ते भांडायचं थांबतं.

"आणि नाही थांबलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर धुळीपासून लांब राहायचं," डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याने ते वाक्य जपून घरी आणलं. सुया लागू पडल्या नाहीत तर दसऱ्याआधी हिंगोलीत खोली घ्यायची, मी तिथून शाळेला जीपने ये-जा करायची, तो शेतावरून मुक्कामाला तिकडे येणार, असं त्याने ठरवलं. खोली पाहूनही आला. गच्चीवरची होती, फरशी गुळगुळीत, आजूबाजूला गवताचं पातं नाही. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "शेळ्या काय जिन्यावर बांधू?" म्हणजे त्या येणार नव्हत्या. शेळ्यांपासून त्यांना तोडणं कुणाच्या हातातलं नव्हतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही गेलो तर एवढ्या घरात त्या एकट्या. त्यावर घरात कुणी पुढे बोललं नाही. माझा दंड तेवढा रोज चर्चेत राहिला.

डॉक्टरांच्या सूचना मी पाठ केल्या होत्या. सुई झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. त्या दिवशी गरम पाण्याने आंघोळ नाही, धावपळ नाही, त्या हाताने हापसा मारायचा नाही. टोचलेली जागा लाल होणार, सुजणार, खाजणार; त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चोळायचं नाही, खाजवायचं नाही. गार पाण्याची घडी ठेवायची, गोळी घ्यायची. सूज किती आली ते पेनने कडेकडेने आखून ठेवायचं आणि पुढच्या वेळी सांगायचं.

यात एक भर माझी होती. आमच्याकडे झंपराची बाही कोपराच्या जरा वर संपते आणि तिचा काठ असा घट्ट असतो की आत बोट जात नाही. तो काठ बरोबर सुजेवर बसायचा. मी सगळ्या झंपरांच्या बाह्या बाहेरच्या अंगाने उसवल्या आणि शिंप्याकडून तिथे बंद लावून घेतले. शाळेत बाकीच्या बाया बघत राहायच्या. "बाही काहून फाडली वो बाई?" असं एकीने विचारलं, आणि महिन्याभराने तिनेच तशी बाही शिवून घेतली, तिला वाटलं फॅशन आहे.

सूज आखायचं काम मला आवडायचं, हे सांगायला हरकत नाही. भूगोल हा माझा विषय. हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता, आणि मी वर्गात पोरांकडून पतंगाच्या पातळ कागदावर नव्या जिल्ह्याची कड गिरवून घ्यायची. तसाच कागद मी रविवारी दंडावर धरायची आणि पेनने सुजेची कड गिरवायची. उजेडासमोर धरला की कागदावर एक लहानसा मुलूख दिसायचा. एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला आत गेलेला, मध्ये सुईच्या ठिपक्याचं ठाणं. त्याला नद्या नव्हत्या, रस्ते नव्हते. गोळीच्या गुंगीत मी त्या मुलखाकडे बघत पडायची आणि मला वाटायचं, इथे कुणीतरी राहत असेल.

पहिले काही आठवडे तो मुलूख गावाएवढा राहिला. मग वाढू लागला. एका रविवारी तालुका झाला. पुढच्या रविवारी दंडाचा सगळा बाहेरचा भाग त्याने घेतला, आणि सोमवारी फळ्यावर हात वर करताना खांद्यापर्यंत ताण बसला. हात बदलून पाहिला. उजवाही तसाच. डॉक्टरांनी एकदा डोस तोच ठेवला, एकदा मागे घेतला. सूज काही मागे जाईना.

"तुम्ही सांगितलेलं सगळं करता ना?" त्यांनी विचारलं.

"सगळं," मी म्हणाले. ते खरं होतं.

"मग तुमच्या शरीरालाच हे मानवत नसेल. अजून एकदा बघू. एवढाच हात परत दिसला तर थांबवावं लागेल."

त्या शनिवारी परतीच्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर, कुणाच्या तरी कोथिंबिरीच्या गाठोड्याला टेकून बसले होते. कयाधू नदीवरचा पूल लागला. पाणी लाल होतं आणि वर ऊन. मी गच्चीवरच्या खोलीत भांडी कुठे मांडायची ते मनात ठरवत होते, आणि प्रत्येक भांडं उचललं की त्याच्याखाली आमच्या घरातली जागा दिसायची.

दुसऱ्या दिवशीची ती दुपार, जिची हजेरी वर मांडली आहे.

झोप लागली आणि मी नकाशातून चालू लागले. नदी निळ्या शाईची होती, अजून वाळली नव्हती, पाय टाकला की पसरायची. आमच्या सेनगाव तालुक्याची कड कुणीतरी पेनने आखून ठेवली होती आणि ती कड हळूहळू पुढे सरकत होती, शेतं घेत, विहिरी घेत, आमच्या शाळेचं पटांगण घेत. मला पळायचं होतं, पण पळायचं नाही अशी डॉक्टरांची सूचना होती, म्हणून मी उभी राहिले. मग आभाळातून हाताच्या पंजासारखं एक पान खाली आलं. एवढं मोठं की त्याच्या एकेका बोटाखाली एकेक वाडी मावावी. ते उबदार होतं. ते सगळ्या मुलखावर अलगद बसलं, आणि पानाखाली अंधार झाला तो काळा नव्हता, हिरवा होता. उग्र, ओलसर वास. माझी आई लहानपणी पाय मुरगळला की असाच वास घेऊन यायची. मला फार बरं वाटलं. कुणीतरी अगदी हळू म्हणत होतं, "येऊ दे, येऊ दे. बराबर वर येऊ दे."

हे स्वप्न मला नवीन नव्हतं. सूज वाढू लागली तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी ते यायचं. जाग आल्यावर दंड जरा तेलकट लागायचा. मी समजायची, घाम असेल.

या वेळी मात्र स्वप्नात एक शेळीचं करडू आलं, त्याने त्या पानाचं एक बोट तोंडात धरलं आणि ओढलं.

"आरं हाड! सोड, सोड मेल्या! एरंड हाये त्यो, पोट फुगून मरशील!"

डोळे उघडले. करडू खरं होतं. त्याच्या तोंडात पान होतं, पानाचं दुसरं टोक माझ्या दंडावर, आणि आत्याबाई करडाचा जबडा धरून ते पान खेचून काढत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"काय न्हाई. झोप तू."

"माझ्या दंडावर एरंडाचं पान आहे."

"हाये तर हाये. गोळी घेतली ना? झोप मंग."

"गरम आहे ते."

"थंड पान बांधून काय उपेग?" करडाच्या पाठीत एक हलकी चापट बसली. ते उड्या मारत अंगणात गेलं, शेळ्या ओरडल्या, आणि घर परत शांत झालं. चुलीवर तवा तापत होता. त्यावर दुसरं पान, तेल लावलेलं, चुरचुरत होतं.

मी उठून बसले. डोकं अजून कापसात होतं. दंड रसरसून लाल झालेला, आणि पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या. माझ्या कागदावर कधीच नव्हत्या त्या नद्या.

"कधीपासून चाललंय?"

"झाले की लई रविवार."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर बांधू दिलं असतं का मास्तरीणबाईनं?" आत्याबाईंनी तवा खाली उतरवला. "तुहं समदं लिवलेलं असते. पानी कवा प्यायचं ते बी लिवलेलं. पान कुठं लिवलं व्हतं त्यात?"

"डॉक्टरांनी गार घडी सांगितलीय. सूज कमी व्हायला हवी."

"त्यो म्हन्तो. लेकरू हाये त्यो, त्याला देवी कुठं म्हाईत."

मला काही कळेना. देवी म्हणजे कुठली, जत्रेतली की काय? तोवर आत्याबाईंनी पदर सारून स्वतःचा दंड पुढे केला. त्यावर गोंदण होतं, हिरवं पडलेलं, तुळशीवृंदावनाचं. वृंदावनाच्या जरा वर कातडीत एक गोल खड्डा होता, चिमटीएवढा. मी तो इतकी वर्षं पाहिला होता आणि गोंदणाचाच भाग समजत होते.

"ह्यो टीका. देवीचा. मी परकरात व्हते. असा उठला व्हता, लिंबायेवढा. पिकला, वाहिला, मी आठ दिवस रडले. माय म्हने, रड, पर उठला हे चांगलं. ज्याचा उठते त्याला देवी शिवत न्हाई."

"बरं."

"माह्या धाकलीचा उठलाच न्हाई. तिथल्या तिथं वाळून गेला. बा म्हने, बरं झालं, लेकराला तकलीफ न्हाई." आत्याबाईंनी पदर परत खांद्यावर घेतला. "मंग दोन सालानं गावात देवी आल्या."

पुढचं न सांगता त्यांनी तव्यावरचं पान उलटलं. अंगणात शेळी रवंथ करत होती. ऊन उंबऱ्यावर येऊन थांबलं होतं.

"तुहा हात सुजला तवा मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हनलं, लागू पडून राहिली सुई. आन् तू त्याच्यावर थंड फडकं ठेवून राहिली. म्हनलं, ही बसवून टाकते आता, वाळून जाईन. सुई वाळली तर तुमी जाता हिंगोलीला. लागली तर कशाला खोली पायजेल?"

मला रागवायचं होतं. पण गोळीत राग टिकत नाही. तो येतो, दारात उभा राहतो, काय बोलायचं ते विसरतो. मी त्यांच्या दंडावरच्या त्या गोल खड्ड्याकडे बघत राहिले. त्यांचं म्हणणं त्यांच्या सुईबाबत अगदी खरं होतं. देवीची लस उठायलाच हवी, हे मी स्वतः पुस्तकात वाचलेलं होतं. माझी सुई वेगळ्या जातीची होती, इतकंच. आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण सूचना माझ्यासाठी होत्या, आणि दंड माझा होता, असं मी धरून चालले होते.

"पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्याबरोबर चला," मी म्हणाले.

"कशाला? मारीन काय मला त्यो?"

"विचारा त्यालाच, उठलं पाहिजे की बसलं पाहिजे."

शनिवारी त्या नवं लुगडं नेसून जीपमध्ये पुढे, ड्रायव्हरशेजारी बसल्या. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला, त्याने न विचारताच, सुनेच्या दंडाची सगळी हकीकत सांगितली. हिंगोली येईपर्यंत जीपमधल्या सगळ्यांचं त्यावर मत झालेलं होतं. एका आजोबांनी चुना आणि गूळ सुचवला. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या दंडाला लावा मंग."

डॉक्टरांनी माझे पतंगाचे कागद टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येक कागद आधीच्याहून मोठा. शेवटचा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, आज मी टोचणार नाही. हे इथेच थांबवूया."

मी बाहीचे बंद परत बांधू लागले. तेवढ्यात आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. त्या खुर्चीवर बसल्याच नव्हत्या नीट, टेकल्या होत्या.

"थांबा डाक्टरसाहेब. तिची काई चूक न्हाई. ती घडी ठेवून झोपली की मी काढून फेकत व्हते. पान बांधत व्हते. गरम, तेल लावून. दर रविवारी."

डॉक्टर आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिले. "का हो आजी?"

"उठावं म्हनून."

आणि त्यांनी टीक्याची गोष्ट सांगितली, पण धाकट्या बहिणीचा भाग वगळून. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समोरचे कागद गोळा केले आणि आत्याबाईंना नीट बसायला सांगितलं.

"आजी, ती लस वेगळी. हिच्या अंगात आपण जे घालतो ते हिच्या अंगाला आवडत नाही. म्हणून थोडं थोडं देऊन ओळख करून द्यायची. सूज म्हणजे कुरबुर. थोडी झाली तर चालते, वाढवायची नाही. शेकलं, चोळलं की वाढते."

"म्हंजे बसलेलं बरं?"

"बसलेलं बरं."

"मंग टोचता काहून?"

आता मात्र डॉक्टर हसले. उत्तर आत्याबाईंनीच शोधलं.

"बाजारातून नवी शेळी आनली," त्या सावकाश म्हणाल्या, "का जुन्या तिला टकरा देतात. पयल्या दिवशी तिला जरा लांब बांधायची. दुसऱ्या दिवशी जरा जवळ. टकरा मारू द्यायच्या थोड्या, पर आपन मधी जाऊन चिथवायचं न्हाई. मंग एक दिवस एकाच टोपल्यात खातात."

"हां. तसंच."

"आन् मी चिथवून राहिले व्हते." त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तरीणबाई, हे असं सांगितलं असतं तर कळलं नसतं का मला?"

असं शेळीवरून सांगणं मला सुचलंच नसतं. मी भूगोल शिकवते.

डॉक्टरांनी दोन पावलं मागचा डोस घेतला आणि टोचलं. मग दोघींना मिळून बजावलं. पान नाही, शेक नाही, चोळणं नाही. आणि दंड सोडून अंगावर इतर ठिकाणी गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला, दम लागला किंवा चक्कर आली तर घडीही नाही आणि गोळीची वाटही बघायची नाही, सरळ जवळचा दवाखाना गाठायचा. "पुढच्या शनिवारी कागद आणा. लहान झाला असेल तर पुढे जाऊ. नसेल तर मग मीही काही करू शकणार नाही."

बाहेर बाकावर आम्ही अर्धा तास बसलो. आत्याबाई माझ्या सुईच्या बाजूला बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने लांब सारू लागल्या. "सरका जरासं. सुई झाली तिला." एक माणूस पाय मोडून आलेला होता, तोही बिचारा सरकला.

त्या आठवड्यातला रविवार मला सगळ्यात जास्त आठवतो, आणि सगळ्यात कमी. गोळी घेतली, पडले. आत्याबाईंनी माठ माजघरात ओढून आणला, त्यात सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा बुडवला, पिळला आणि माझ्या दंडावर ठेवला. तो गरम झाला की दुसरा. करडाला त्यांनी बाहेर बांधलं होतं. ते ओरडत होतं, आणि त्या त्याला इथूनच दम देत होत्या, पण कुजबुजत, म्हणजे मला जाग येऊ नये.

मी परत नकाशात गेले. या वेळी पाऊस पडून गेलेला होता आणि सगळ्या कडा पुसट झालेल्या. शाई विरघळून ओढ्याला लागली होती. मी अनवाणी चालत होते, पायाखाली गार मऊ माती, कुठून गाव संपतं आणि कुठून शेत सुरू होतं ते दिसत नव्हतं आणि मला त्याची घाईही नव्हती. लांब कुणीतरी पाणी पिळत होतं. थेंब पडायचा, मग पुष्कळ वेळ काही नाही, मग परत थेंब.

जाग आली तेव्हा उन्हं कललेली. नवरा दारात उभा राहून चपला झटकत होता.

"काय म्हणतोय हात?"

"कागद आन आधी," आत्याबाई त्याला म्हणाल्या. "पेन आन. तोंडानं काय सांगायचं."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी ताणून माझ्या दंडावर धरला. मी कड आखली. पेन एका ठिकाणाहून निघून लगेच परत तिथेच आलं. आत्याबाईंनी कागद दाराकडे, उजेडात धरला, डोळे बारीक केले, लांब नेला, जवळ आणला.

"एवढंच?"

"एवढंच."

"वाळून तर न्हाई गेली ना?" त्यांना अजून थोडी शंका होतीच. मग स्वतःच म्हणाल्या, "न्हाई. बसली. जवळ बांधली म्हनायची."

नवरा कागद बघत उभा राहिला. तो फारसं बोलत नाही. आत जाऊन त्याने हातपाय धुतले आणि बाहेर येऊन म्हणाला, "खोलीवाल्याला थांबायला सांगतो दसऱ्यापर्यंत."

"दसऱ्यापर्यंत काहून? दिवाळीपर्यंत सांग," आत्याबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी डोस एक पाऊल पुढे गेला, मग आणखी एक. एखाद्या आठवड्यात कागद परत मोठा व्हायचा. मग डॉक्टर थांबायचे, मागे यायचे, परत निघायचे. दसरा आला, यंत्रं सुरू झाली, गाव पिवळं झालं. त्या वर्षी मी पूर्ण बरी झाले असं मुळीच नाही. शिंका आल्या, डोळे चुरचुरले, तोंडाला ओलं फडकं बांधून शाळेत जावं लागलं. पण छाती भरली नाही. मळणीच्या दिवसांत मी आडवी झोपले. उशीला डोकं टेकवलं की छप्पर सरळ दिसतं, हे मी विसरूनच गेले होते. वासे मोजत पडायची आणि मध्येच कुठेतरी झोप लागायची.

हिंगोलीची खोली दुसऱ्या कुणी घेतली. आमच्या घरात त्याचा विषय निघाला नाही. आत्याबाईंनी तेवढ्यापुरता गोडाचा शिरा केला आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

सुया मग महिन्यावर गेल्या आणि काही वर्षांनी थांबल्या. त्या सगळ्या काळात सुईनंतरचा रविवार आत्याबाईंचा. गावात कुणाला इंजेक्शन होऊन हात सुजला की त्या स्वतः जाऊन विचारायच्या, "उठायचं हाये का बसायचं? डाक्टरला इचारलं का?" बहुतेक जणांनी विचारलेलं नसायचं. मग त्या चिडायच्या, आणि त्याला हाताला धरून परत पाठवायच्या.

आता दोन हजार आठ. घरात आम्ही तिघंच, आणि शेळ्या बऱ्याच. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शेळ्या त्या आवाजावरून ओळखतात आणि मला सावलीवरून. हिंगोलीला दाखवून ऑपरेशनची तारीख घ्यायची, दोन दिवस तिथे राहावं लागेल, एवढंच काम आहे. मी जीप सांगते, सगळं बांधून ठेवते, आणि निघायच्या सकाळी त्या एखाद्या शेळीच्या पोटाला हात लावून म्हणतात, "आज-उद्या विते ही. पुढल्या आठवड्यात पाहू." शेळी काही वीत नाही. मी जीपवाल्याला निरोप देते.

ते काम अजून व्हायचं आहे.